सेकंदावर सूर्याचा हक्क किती?

अणुघड्याळांवर चालणारी जागतिक वेळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळती राहावी म्हणून अधूनमधून तिच्यात एक जादा सेकंद घातला जातो, तो लीप सेकंद. तो ठेवायचा की काढायचा, हा वाद वीस-पंचवीस वर्षं चालू आहे आणि बहुतेक काळ तो भलत्याच मुद्द्यांवर लढला गेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला, की घड्याळाची वेळ आणि पृथ्वीचं फिरणं यांच्यातला फरक किती चालेल, याची मर्यादा २०३५ पर्यंत वाढवावी. म्हणजेच व्यवहारात लीप सेकंदाला निरोप द्यावा. तेव्हापासून एक बाजू सूर्याला घड्याळातून हद्दपार केल्याची हाकाटी करते आहे आणि दुसरी 'एका सेकंदाने कुणाचं काय अडतं' म्हणून खांदे उडवते आहे. पहिल्या बाजूचा आवडता युक्तिवाद तर थेट शब्दावर उभा आहे: सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग, दिवस सूर्याचा, म्हणून सेकंदही सूर्याचाच, त्याला अणूच्या दावणीला बांधणं हीच मुळात लबाडी. माझं मत असं, की लीप सेकंद गेलाच पाहिजे, पण त्यासाठी सूर्याला मोडीत काढण्याची गरज नाही. सूर्याशी नातं टिकवायला हवं. ते टिकवण्याची जागा सेकंद ही नाही, तास ही आहे. आणि ज्या शब्दाला साक्षीला उभं केलं जातं, त्याचा इतिहास नीट वाचला तर तोही हेच सांगतो.

'सेकंद' हा शब्द वेळेच्या पोटी जन्मलाच नाही. तो कोनाच्या पोटी जन्मला. बाबिलोनियातल्या लोकांची साठाच्या पटीची अंकपद्धती ग्रीक ज्योतिर्विदांनी उचलली आणि दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने वर्तुळाचे अंश, अंशाचे साठ भाग आणि त्या प्रत्येक भागाचे पुन्हा साठ भाग करून आपली कोष्टकं मांडली. लॅटिनमध्ये पहिल्या वाटणीला 'पार्स मिनुटा प्रिमा', म्हणजे पहिला बारीक भाग, आणि दुसऱ्या वाटणीला 'पार्स मिनुटा सेकुंडा', म्हणजे दुसरा बारीक भाग, अशी नावं पडली. पहिल्यातून 'बारीक' एवढंच उरलं, त्याचं मिनिट झालं. दुसऱ्यातून 'दुसरा' एवढंच उरलं, त्याचा सेकंद झाला. अरबीतलं 'सानिया' अगदी याच अर्थाचं आहे आणि आपल्याकडे कोनासाठी कला-विकला ही जोडी त्याच रीतीने चालत आली. अल-बिरूनीने इसवी सन १००० च्या सुमारास अमावास्यांच्या वेळा देताना ही वाटणी तासाला लावली. १२६७ मध्ये इंग्रज विद्वान रॉजर बेकनने पौर्णिमांच्या वेळा तास, मिनिट, सेकंद, तिसरे भाग आणि चौथे भाग इथपर्यंत लिहून दाखवल्या. पोलिश आणि तुर्की भाषांत त्या 'तिसऱ्या'साठीचा शब्द आजही सापडतो. आता विचार करा, बेकनच्या काळी सेकंद दाखवणारं एक तरी घड्याळ जगात होतं का? मिनिट दाखवणारंही नव्हतं. कुणीही न पाहिलेला, कुणीही न मोजलेला, केवळ भागाकाराच्या पायरीचा क्रमांक म्हणजे सेकंद. त्या नावात लांबी नाही, सूर्य नाही, दिवसही नाही. साठाने दुसऱ्यांदा भागलं, इतकंच आहे.

तासाचं तसं नाही. ग्रीक 'होरा' म्हणजे मुळात ऋतू, हंगाम, मग दिवसाची वेळ. (आपला 'होरा' संस्कृतमार्गे तिथूनच आला; अंदाज हुकला की 'होरा चुकला' म्हणतो तो हाच.) जुना तास सूर्याच्या चालीवर तंतोतंत बेतलेला होता. उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या उजेडाचे बारा भाग म्हणजे बारा तास, मग उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड. चौदाव्या शतकात यांत्रिक घड्याळं मनोऱ्यांवर चढली, तेव्हा कुठे सगळे तास सारख्या लांबीचे होऊ लागले. पण सारखा झाल्यावरही तास माणसाच्या दिवसाशी बांधलेलाच राहिला. कामावर कधी जायचं, जेवायचं कधी, दिवा कधी लावायचा, हे सगळं तासात बोललं जातं, सेकंदात नाही. शिवाय तासांची नावं किती हलतात तेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजीतला 'नून' हा लॅटिन 'नोना'वरून, म्हणजे नवव्या तासावरून आला. उजेडाचा नववा तास म्हणजे दुपारी तीनच्या आसपासची वेळ. मध्ययुगात ती प्रार्थनेची आणि जेवणाची वेळ हळूहळू अलीकडे सरकत गेली आणि 'नून' तीन तास मागे येऊन ऐन मध्यान्हावर बसला. शब्दाचं मूळ हाच जर कायदा मानायचा, तर इंग्रजांनी मध्यान्ह तीन वाजता पाळायला हवा.

तरीही विरोधकांचा एक मुद्दा मी विनाशर्त मान्य करतो. जन्म कागदावर झाला असला, तरी सेकंदाला जेव्हा शरीर मिळालं तेव्हा ते सूर्य-ताऱ्यांकडूनच मिळालं. सतराव्या शतकात इटलीत रिच्चोली नावाच्या जेझुइट ज्योतिर्विदाने एका सेकंदात एक हेलकावा घेईल असा लोलक घडवायचं ठरवलं. लोलक बरोबर आहे की नाही हे कसं ताडायचं? त्याने नऊ जेझुइट सहकाऱ्यांना हाताशी धरलं आणि चोवीस तास, दिवस आणि रात्र, पाळीपाळीने हेलकावे मोजायला लावले. हवे होते ८६,४००, भरले ८७,९९८. एवढ्या कष्टानंतर दोन टक्क्यांच्या आत चूक! ही गोष्ट वाचताना मला त्या माणसांबद्दल नेहमीच फार आदर वाटतो. ती अंधारात बसून ज्याची गणती करत होती, तो दिवसाचाच तुकडा होता. १९६० पर्यंत सेकंदाची व्याख्या दिवसावरूनच झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण कोणता दिवस? खऱ्या सूर्याचा दिवस तर सेकंदाने केव्हाच सोडला होता. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे डोक्यावर येणारा सूर्य वर्षभरात कधी घड्याळाच्या पुढे, कधी मागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा फरक १६ मिनिटांवर जातो. हे हेलकावे काढून टाकण्यासाठी ज्योतिर्विदांनी वर्षभर एकाच गतीने चालणारा 'मध्यम सूर्य' कल्पिला. तो आकाशात कुठेच नाही, गणितात आहे. जिनिव्हाने १७८० मध्ये आणि लंडनने १७९२ मध्ये त्याची वेळ स्वीकारली. पॅरिसची पाळी १८१६ मध्ये आली तेव्हा शहराचा प्रशासक शाब्रोल सही करायला तयार होईना. ज्या माध्यान्हीला सूर्य माथ्यावर नसतो ती मान्य नाही म्हणून कामगार बंड करतील, अशी त्याला धास्ती होती. घड्याळं बदलली आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही, असं पुढे आरागो या ज्योतिर्विदाने लिहून ठेवलं. आज 'नैसर्गिक वेळ विरुद्ध यंत्राची वेळ' अशी जी मांडणी होते, तिला मला हेच विचारायचं आहे: तुम्ही ज्या नैसर्गिक वेळेचं रक्षण करता आहात, ती शाब्रोलच्या आधीची की नंतरची? लीप सेकंद जिच्याशी जुळवून घेतो ती पृथ्वीच्या फिरण्यावरून काढलेली सरासरी आहे. खऱ्या सूर्यापासून ती सोळा मिनिटांपर्यंत इकडेतिकडे असते आणि आपण मात्र एका सेकंदावरून निसर्गाची दुहाई देतो.

आता अणूकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. १९५५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एसेन आणि पॅरी यांनी पहिलं भरवशाचं सिझियम घड्याळ चालवलं. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या ठरली: सिझियम-१३३ अणूच्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९२,६३१,७७० आवर्तनं. हा आकडा आभाळातून पडला नाही. आधीच्या खगोलीय सेकंदाशी जुळेल असा तो मोजून बसवला गेला, आणि तो खगोलीय सेकंद न्यूकम या अमेरिकी ज्योतिर्विदाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कोष्टकांवर आधारलेला होता. त्यांत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतली निरीक्षणं होती. परिणाम असा, की अणुसेकंदात सुमारे १८२० सालचा दिवस गोठवलेला आहे. दरम्यान चंद्राच्या भरती-ओहोटीच्या ओढीने पृथ्वी मंदावत गेली आणि दिवस शतकाला सरासरी पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबत गेला. १९७० च्या दशकात तो ८६,४०० अणुसेकंदांपेक्षा जवळपास ३ मिलिसेकंदांनी मोठा होता. रोजचे ३ मिलिसेकंद वर्षाकाठी सेकंदभर साचतात. म्हणून १९७२ ते १९७९ या आठ वर्षांत ९ लीप सेकंद घालावे लागले. म्हणजे पृथ्वीचं मंदावणं तेव्हाच थांबलं असतं तरी लीप सेकंद थांबले नसते, कारण मोजपट्टीच जुन्या दिवसाच्या मापाची आहे. 'अणूने सूर्याला हरवलं' हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. एका जुन्या दिवसाची स्मृती अणूने जपली आणि आजचा दिवस तिच्याशी जुळत नाही, एवढंच.

ही जुळवाजुळव करणारा लीप सेकंद प्रत्यक्षात कसा दिसतो? ठरलेल्या रात्री जागतिक वेळेचे २३:५९:५९ झाले, की ००:००:०० न येता मध्ये २३:५९:६० येतात. साठ सेकंदांचं मिनिट एकसष्ट सेकंदांचं होतं. ते कधी घडेल याचं सूत्र नाही. पृथ्वीचं निरीक्षण करून सुमारे सहा महिने आधी घोषणा होते. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारे अनेक सर्व्हर अडकून पडले आणि एका मोठ्या विमान कंपनीची प्रवासी नोंदणी कोलमडून शेकडो उड्डाणं रखडली. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की हा घोळ टाळण्यासाठी गूगलसारख्या कंपन्या तो सेकंद चोवीस तासांत थोडाथोडा मुरवतात. म्हणजे त्या दिवसभर जगातल्या घड्याळांचे दोन तट पडतात आणि त्यांच्यात अर्ध्या सेकंदापर्यंत फरक राहतो. जीपीएसची अंतर्गत वेळ लीप सेकंद घेतच नाही, ती जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. रशियाची ग्लोनास यंत्रणा मात्र तो घेते. साऱ्या जगाची वेळ एक असावी म्हणून जी तरतूद केली, तिच्यामुळेच वेळा अनेक झाल्या असतील, तर ती कशासाठी जपायची?

विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप कॅलेंडरच्या इतिहासातून येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्यूलियस सीझरने लावून दिलेलं ज्यूलियन वर्ष खऱ्या वर्षाहून अकरा मिनिटांनी मोठं होतं. अकरा मिनिटांनी काय होतं, म्हणत ती चालू दिली आणि १५८२ मध्ये पोप ग्रेगरीच्या सुधारणेच्या वेळी १० दिवस एकदम गाळावे लागले. ब्रिटनने आणखी टाळाटाळ केली, त्याला १७५२ मध्ये ११ दिवस गाळावे लागले. छोटी थकबाकी वेळच्या वेळी फेडावी, हा त्यातून काढला जाणारा धडा वरवर बिनतोड वाटतो. पण त्याच इतिहासात थोडं मागे जा. ज्यूलियन पंचांगाच्या आधी रोममध्ये अधिक महिना कधी घालायचा हे धर्माधिकारी वेळोवेळी ठरवत. त्यात ढिलाई झाली, राजकारण शिरलं आणि सगळं इतकं विस्कटलं, की गाडी रुळावर आणायला सीझरला इसवी सनपूर्व ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. त्याने चूक शून्यावर आणली नाही. त्याने घोषणेच्या जागी नियम आणला, आणि त्या नियमाच्या जोरावर पंचांग सोळा शतकं चाललं. लीप सेकंदातला दोष नेमका रोमन अधिक महिन्याचा आहे: तो नियमाने येत नाही, घोषणेने येतो. आज त्यात कुणी राजकारण करत नाही, हे खरं. पण पृथ्वीचं फिरणं वारे, समुद्र आणि तिच्या पोटातल्या द्रवाने बदलत असल्यामुळे लीप वर्षासारखं सूत्र इथे बांधताच येत नाही. जिथे सूत्र बांधता येत नाही, तिथे दुरुस्ती जितकी बारीक, तितकी ती बेभरवशाची.

यावर दुसरा आक्षेप तयार असतो. मर्यादा वाढवलीत, तर पन्नास-शंभर वर्षांनी एक अख्खं लीप मिनिट घालावं लागेल आणि तोवर असं काही हाताळलेला एकही माणूस उरलेला नसेल. वारंवार येणाऱ्या संकटापेक्षा क्वचित येणारं संकट जास्त महाग पडतं, हे मला पूर्ण पटतं. म्हणूनच लीप मिनिटाचा पर्याय मला लीप सेकंदाहून वाईट वाटतो. पण मुळात दुरुस्ती सेकंदांच्या गणतीतच का करायची? प्रत्येक देशाकडे आपली प्रमाणवेळ आहे, आणि ती हलवण्याचा सराव जगाला रोजचा आहे. कितीतरी देश वर्षातून दोनदा घड्याळ तासभर पुढे-मागे करतात. उत्तर कोरियाने २०१५ मध्ये प्रमाणवेळ अर्धा तास मागे नेली आणि २०१८ मध्ये परत पुढे आणली. सामोआने दिनरेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला. हे सगळं होत असताना जागतिक वेळेची गणती एका सेकंदानेही हलली नाही. उद्या काही शतकांनी फरक तासाजवळ पोहोचला, तर उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशाने शरद ऋतूत घड्याळ मागे घ्यावं आणि पुढच्या वसंतात ते पुढे करू नये, काम झालं. बाकीच्यांनी एकदाच प्रमाणवेळ बदलावी. हे ज्या त्या देशाला आपल्या सोयीने, आपल्या कायद्याने करता येईल.

घड्याळ आणि सूर्य यांच्यात एवढं अंतर लोक चालवून घेतील का? लोकांनी ते केव्हाच चालवून घेतलं आहे. १८५८ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरच्या न्यायालयात एक दावा दहा वाजता पुकारला गेला. प्रतिवादीचा वकील हजर नव्हता, न्यायाधीशांनी वादीच्या बाजूने निकाल दिला. वकील पोहोचला तेव्हा त्याचं म्हणणं होतं की दहा आत्ता वाजताहेत. न्यायालयाचं घड्याळ ग्रीनिचप्रमाणे लावलेलं आहे आणि डॉर्चेस्टरचा सूर्य त्याच्या सुमारे दहा मिनिटं मागे आहे. वरच्या न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं: दहा म्हणजे त्या गावचे दहा. तो निकाल मला आजही न्याय्य वाटतो, कारण तेव्हा दुसरा कायदाच नव्हता. पण १८८० मध्ये संसदेने ग्रीनिच वेळ सर्व ग्रेट ब्रिटनला लागू केली, आणि डॉर्चेस्टरने ती दहा मिनिटं, म्हणजे सहाशे सेकंद, एका कायद्याने सोडून दिली. आज चीनच्या पश्चिम टोकाला काश्गरमध्ये बीजिंगच्या घड्याळाप्रमाणे सूर्य माथ्यावर येतो तो तीनच्या सुमारास. हा फरक स्थिर आहे आणि लीप सेकंद बंद केल्यावरचा वाढता असेल, हा भेद मी नाकारत नाही. पण वाढीचा वेग पिढीमागे काही सेकंद असेल, तर हिशेब पिढ्यांच्याच मापाने करायला हवा.

दुर्बिणी रोखणारे ज्योतिर्विद आणि सेक्स्टंट या उपकरणाने सूर्य-ताऱ्यांवरून आपली जागा काढणारे खलाशी यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. विषुववृत्तावर वेळेत एक सेकंद चुकला, तर जागा सुमारे ४६० मीटरने चुकते. पण दुर्बिणीला लागणारी अचूकता लीप सेकंदाने राखलेल्या पाऊण-एक सेकंदाच्या सवलतीतून कधीच भागत नव्हती. पृथ्वीच्या फिरण्याची नेमकी वेळ वेगळी प्रसिद्ध होते आणि ज्याला गरज आहे तो ती घेतो. तिचं प्रसारण अधिक नेमकं आणि सहज उपलब्ध व्हायला हवं, या त्यांच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. त्यासाठी पैसा लागेल, तो द्यावा.

आणि आता ज्यांच्या बाजूने मी उभा आहे, त्यांच्याशीही भांडायला हवं. 'एक सेकंद म्हणजे काय मोठंसं' हा युक्तिवाद मला विरोधकांच्या शब्दप्रेमाहून जास्त घातक वाटतो. इसवी सनपूर्व १३६ च्या १५ एप्रिलला बाबिलोनमधल्या निरीक्षकांनी खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि मातीच्या विटेवर नोंदवून ठेवलं. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत असती, तर गणिताप्रमाणे ते खग्रास बाबिलोनला दिसलंच नसतं. सावली कितीतरी पश्चिमेला, जवळपास ४९ अंश दूर पडली असती. वेळेत सांगायचं तर सव्वातीन तासांचा फरक. मिलिसेकंद-मिलिसेकंद साचून एवढं होतं. शिवाय पृथ्वी सरळ रेषेत मंदावतही नाही. २०२० पासून ती किंचित जोरात फिरताना दिसते आहे, काही दिवस ८६,४०० सेकंदांहून दीडेक मिलिसेकंदांनी आखूड भरले आहेत. त्यामुळे सेकंद घालण्याऐवजी वगळण्याची वेळ येईल, अशी चर्चा आहे. २०२४ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ डंकन ॲग्न्यू यांनी दाखवलं, की ध्रुवांवरचं बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे सरकल्यामुळे पृथ्वीला थोडा आवर बसला आहे, नाहीतर ती वेळ आणखी लवकर आली असती. वगळलेला सेकंद आजवर कोणत्याही यंत्रणेने प्रत्यक्ष अनुभवलेला नाही. लीप सेकंद आताच थांबवावा, यासाठी माझ्या मते हे सर्वांत निकडीचं कारण आहे, आणि ते बेफिकिरीतून आलेलं नाही, पृथ्वीकडे बारकाईने पाहण्यातून आलं आहे.

म्हणून मला भीती आहे ती अर्धवट निर्णयाची. २०२२ च्या ठरावाने मर्यादा वाढवायला सांगितली, ती किमान शतकभर पुरावी असंही म्हटलं, पण आकडा २०२६ च्या बैठकीवर सोपवला. तो आकडा मिनिटाचा असेल, तर आपण आपलंच ओझं नातवंडांच्या नातवंडांच्या डोक्यावर ठेवतो आहोत. तो तासाचा असावा. फरक भरून काढण्याचं काम प्रमाणवेळांचं आहे, हे ठरावात स्पष्ट लिहिलेलं असावं. दर महिन्याचा साचलेला फरक कुणालाही वाचता येईल असा जाहीर होत राहावा. आणि त्या तासाच्या जवळ आल्यावर कोणी, किती वर्षं आधी, कोणत्या देशांना कळवायचं, ही जबाबदारी आजच एका संस्थेच्या नावावर चढवलेली असावी.